कोरियन भाषा आणि संस्कृती विद्यापीठातून नीट शिकायचीय, सुरुवात कुठून करू?

सांजपाखरू

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय इथे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी साताऱ्याजवळच्या एका गावातली, बीए इतिहास, दुसरं वर्ष. लॉकडाऊनमध्ये मालिका बघता बघता कोरियन अक्षरं शिकले, आता वाचता येतं पण कळतं थोडंच. घरचे म्हणतात छंद म्हणून कर काय करायचं ते. पण मला छंद म्हणून नाही करायचंय, मला हा विषय म्हणून शिकायचाय, भाषा, इतिहास, साहित्य सगळं, जसं एखादा जर्मन माणूस पुण्यात येऊन मोडी शिकतो तसं. जवळच्या शहरात एक क्लास लावला होता, तीन महिने झाले तरी 'माझं नाव अमुक, मला हे आवडतं' याच्या पुढे गाडी गेली नाही आणि फी मात्र सगळी आगाऊ घेतली. आता परत तसं करायचं नाहीये.

तर प्रश्न असे: भारतात कुठल्या विद्यापीठात खरंच शिकवतात? कोरियातली विद्यापीठं घरबसल्या काही देतात का? आणि इतिहासवाल्या मुलीला याचा उपयोग काय, म्हणजे मी तिकडे गेले तर नक्की काय वाचणार?

चहाबाज

वा, छान धागा. मला यातलं ओ की ठो कळत नाही पण खुर्ची टाकून बसलोय.

जुनी_दिल्लीकर

सांजपाखरू, आधी दिल्लीचं सांगते. जेएनयूत कोरियनचा बीए ऑनर्स आहे, बारावीनंतर सीयूईटी देऊन प्रवेश, पुढे एमए, पीएचडी सगळं. तिथे भाषा शून्यापासून शिकवतात त्यामुळे आधी येत नसलं तरी चालतं. पण तू दुसऱ्या वर्षाला आहेस, परत बीए करायची तयारी आहे का हा प्रश्न आहे. नसेल तर दिल्ली विद्यापीठाचा ईस्ट एशियन स्टडीज विभाग बघ, तिथे चीन, जपान, कोरिया असं एकत्र एमए आहे, इतिहासाचा बीए झालेल्यांना तो रस्ता बरा पडतो, आणि भाषेचे डिप्लोमाही त्याच विभागात आहेत. जामिया मिलियात आणि हैदराबादच्या इफ्लूमध्येही कोरियन शिकवतात. रांचीला झारखंडच्या केंद्रीय विद्यापीठात आहे हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं.

लाजपत नगरमध्ये कोरियन कल्चरल सेंटर आहे, 2012 ला उघडलं, तिथली लायब्ररी मला फार उपयोगी पडली होती.

आणि घरच्यांना सांग की 2020 च्या शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांमध्ये कोरियनचं नाव घातलेलं आहे. म्हणजे पुढेमागे शिक्षक लागणार.

रोखठोक

कोणाचा हिरमोड करायचा नाहीये पण काळजीपोटी विचारतो. आता फोन समोर धरला की भाषांतर होतं. चार-पाच वर्षं घालून भाषा शिकायची आणि तोवर ते काम मशीन करायला लागलं तर? इतिहासात बीए, त्यावर कोरियन, नोकरी कुठे? माझ्या भाचीने दुसऱ्या एका परदेशी भाषेत असंच केलं आणि आता ती बँकेच्या परीक्षा देतेय.

नीलकंठ_तळेगाव

रोखठोक, प्रश्न रास्त आहे, उत्तर देतो कारण मी रोज तेच काम करतो. पुण्याच्या आसपास बघा, रांजणगावला एलजी, तळेगावला आता ह्युंदाई, तिकडे संभाजीनगरला ऑरिकमध्ये ह्योसंग, माणगावकडे पॉस्को. या मोठ्या कंपन्यांच्या मागे त्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या कोरियन कंपन्या येतात आणि खरी गरज तिथे असते, कारण तिथल्या साहेबाला इंग्रजी धड येत नाही आणि आपल्या लाइनवरच्या पोरांनाही नाही. मी दुभाषा. सकाळच्या मीटिंगला 'ह्वेउई' म्हणतात, खराब निघालेल्या मालाला 'बुल्ल्यांग', आणि दिवसभर 'पल्ली पल्ली' म्हणजे लवकर लवकर. यातला 'बुल्ल्यांग' मला कुठल्या पुस्तकात भेटला नव्हता.

फोनचं सांगतो. साहेब चिडून बोलतो तेव्हा अर्धं वाक्य बोलतो, कर्ता नाही, कर्म नाही, नुसतं क्रियापद आणि शेवटचा प्रत्यय, त्यात बोली उल्सान-बुसानकडची. फोन काहीतरी गुळगुळीत इंग्रजी दाखवतो. साहेब कोणावर चिडलाय आणि किती चिडलाय हे त्यात येत नाही, आणि आमच्याकडे तेवढंच महत्त्वाचं असतं.

पण खरं सांगू का, सांजपाखरूला दुभाषी व्हायचं नाहीये असं मला तिच्या पोस्टवरून वाटलं. तिला वाचायचंय. ते वेगळं काम आहे.

सांजपाखरू

हो नीलकंठदादा, अगदी बरोबर. पण नोकरीचं वाचून आईला दाखवलं, तिचा चेहरा जरा खुलला :)

अण्णा_मास्तर

मी निवृत्त मराठीचा शिक्षक, वय 71. नात कोरियन गाणी ऐकते म्हणून मी लिपी शिकलो आणि मग मलाच नाद लागला, त्यामुळे लिपीबद्दल थोडं बोलतो, लांबण लागली तर पोरांनो थांबवा.

राजा सेजोंगने ही लिपी 1443 ला तयार केली आणि 1446 ला जाहीर केली. तेव्हा 28 अक्षरं होती, आज 24 आहेत. ती का केली, कशी केली, कुठलं अक्षर का तसं दिसतं, हे सांगणारं पुस्तक त्याच वेळी लिहून ठेवलेलं आहे. त्याची प्रत शतकानुशतकं कोणाला माहीत नव्हती, 1940 मध्ये आंदोंगला सापडली. त्यात लिहिलंय की 'गियॉक' हे अक्षर म्हणजे जिभेचं मूळ घशाकडे उचललेलं चित्र, 'निउन' म्हणजे जिभेचं टोक वर टेकलेलं, 'मिउम' म्हणजे मिटलेलं तोंड, 'शिओत' म्हणजे दात, 'इउंग' म्हणजे घशाचा गोल. आता हे आपल्या मुलाला सांगा, त्याला लगेच कळेल, कारण आपण पहिलीत कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य हेच तर शिकतो! आणि हा योगायोग नाही. सेजोंगच्या विद्वानांनी ध्वनींचे वर्ग घेतले चिनी ध्वनिशास्त्रातून, आणि चिनी ध्वनिशास्त्राला वर्णांचा हा विचार मिळाला बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या संस्कृतातून. दूरचं का होईना, नातं आहे.

अजून एक गंमत. गियॉकमध्ये एक रेघ वाढवली की 'खिउक' होतं. म्हणजे क ला श्वास जोडला की ख, आणि तो जोडलेला श्वास लिपीत दिसतो. आपल्या क आणि ख च्या आकारात असा काही संबंध नाही, त्यांच्याकडे आहे. मी फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा नात म्हणाली आजोबा हे आमच्या यूट्यूबवाल्याने नाही सांगितलं.

कोल्हापुरी_झणका

अण्णा थांबू नका, लिहीत राहा!! आमच्या वेळी असे मास्तर असते तर आम्हीबी शिकलो असतो.

मृण्मयी_सोल

ऑफिसमधून, म्हणजे लायब्ररीतून लिहितेय. मी नाशिकची, सोलला पाचवं वर्ष, आधी भाषा मग एमए, आता पीएचडी. सांजपाखरू, मला तुझ्या जागी असताना कोणीतरी सांगायला हवं होतं ते सगळं लिहिते, जरा गोंधळात लिहीन.

एक, इंग्रजीतून कोरियन शिकू नकोस. म्हणजे पुस्तकं इंग्रजी असतील, पर्याय नाही, पण डोक्यात मराठी ठेव. मी पहिले सहा महिने इंग्रजी वाक्य करून त्याचं कोरियन करत होते आणि प्रत्येक वाक्य उलटं करताना दमत होते, मग एके दिवशी कळलं की अगं हे तर मराठीच आहे. कर्ता कर्म क्रियापद, तोच क्रम. प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात. 'गासॉ' म्हणजे जाऊन. 'मॉगॉ बोदा' म्हणजे खाऊन बघणे, आणि 'बोदा' म्हणजे खरंच बघणे! इंग्रजी पुस्तकात यासाठी दोन पानं समजावलेलं असतं की इथे 'बघणे' याचा अर्थ प्रयत्न करणे असा होतो वगैरे. आपल्याला कशाला समजवायचं, आपण रोज 'करून बघ', 'विचारून बघ' म्हणतोच. 'हॅ जुदा' म्हणजे करून देणे. 'ऑजे बोन यॉंगह्वा' म्हणजे काल पाहिलेला सिनेमा, शब्दाला शब्द. माझ्या वर्गातल्या अमेरिकन मुलाला हे एक वाक्य बसायला महिना लागला.

दोन, उच्चारात मात्र फसशील. आपल्याला वाटतं आपल्याकडे क ख ग घ आहे, आपल्याला सगळं येतं. कोरियनमध्ये चंद्र म्हणजे 'दाल', मुलगी म्हणजे 'त्ताल' आणि मुखवटा म्हणजे 'थाल', या तीन शब्दांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. मुखवट्यातला थ आपला येतो. मुलगीमधला त जरा आवळून म्हणायचा, तोही जमतो. चंद्रातला लिहिताना द सारखा वाटतो पण शब्दाच्या सुरुवातीला ऐकू येतो हलका त, आणि तो आपल्या कानाला पकडायला वेळ लागतो. रोज ऐकणं, दुसरा उपाय नाही.

तीन, इथल्या विद्यापीठांच्या भाषा संस्था. योन्सेची सगळ्यात जुनी, 1959 ची. सोगांगची बोलण्यावर भर देते. सोल नॅशनल, कोरिया युनिव्हर्सिटी, एव्हा, क्यॉंगही यांच्याही आहेत. साधारण दहा आठवड्यांचं एक सत्र, आठवड्याचे पाच दिवस रोज चार तास, म्हणजे 200 तास, आणि एकूण सहा पातळ्या. स्वतःच्या खर्चाने आलं तर फी जड जाते. म्हणून घरबसल्या जेवढं होईल तेवढं करून ये. योन्सेचा सुरुवातीचा कोर्स कोर्सेरावर आहे, सोगांगचे ऑनलाइन धडे फुकट आहेत, किंग सेजोंग इन्स्टिट्यूटची पुस्तकं आणि ऑनलाइन वर्ग आहेत. शब्दकोशासाठी राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश वाप, त्यात प्रत्येक शब्दाला उदाहरणं असतात, इंग्रजी अर्थही आहे.

शिष्यवृत्तीबद्दल रात्री लिहिते, क्लास आहे.

मृण्मयी_सोल

वापर. वाप नाही.

चहाबाज

वाप म्हणजे कोरियन प्रत्यय असेल असं समजून मी पुढे गेलो होतो :D

अण्णा_मास्तर

मृण्मयी, बेटा फार सुंदर लिहिलंस. एक विचारतो. ते 'उन-नुन' आणि 'इ-गा' असे कर्त्याला दोन वेगळे प्रत्यय लागतात, त्यावर पुस्तकं पानंच्या पानं भरतात. माझं मत असं की 'नुन' म्हणजे आपलं 'तर'. 'मी तर जाणार', 'भात तर झाला, आमटीचं काय'. मी नातीला तसंच शिकवलं.

मृण्मयी_सोल

अण्णा, अर्धं पटलं. दोन गोष्टींची तुलना असते तिथे 'तर' किंवा 'मात्र' चपखल बसतं. पण 'मी विद्यार्थी आहे' अशा साध्या ओळखीच्या वाक्यातही 'नुन'च येतं आणि तिथे आपण 'मी तर विद्यार्थी आहे' म्हटलं की भांडण सुरू केल्यासारखं वाटतं. तिथे 'माझं म्हणाल तर' असं मनात धरायचं. उलट 'कोण आलं?' 'मी आले' यात 'गा' येणार, कारण नवी माहिती कर्त्यात आहे. तिथे आपण आवाज चढवतो किंवा 'च' लावतो.

अण्णा_मास्तर

'माझं म्हणाल तर' हे उत्तम. वहीत लिहून घेतलं. नातीला दुरुस्ती सांगतो.

कोल्हापुरी_झणका

मला भाषेतलं कळत नाही पण खाण्याचं विचारतो. ते किमची म्हणजे आपला खर्डाच की कोबीत भरलेला. आमच्याकडं एकानं खाल्ली आणि म्हणाला यात तिखट कुठाय.

नीलकंठ_तळेगाव

झणका, आमच्या साहेबाला मी कोल्हापुरी तांबडा रस्सा पाजला, घामाघूम झाला, आणि दुसऱ्या दिवशी परत मागितला. पण किमची खर्डा नव्हे, ते मुरवलेलं असतं, आंबट. जवळचं काही असेल तर आपल्या वाळवणाच्या दिवसांशी. नोव्हेंबरच्या सुमाराला सगळे नातेवाईक, शेजारी जमून हिवाळ्याची किमची घालतात, त्याला किमजांग म्हणतात, 2013 मध्ये युनेस्कोच्या यादीत ते आलं. साहेबाची बायको सांगत होती त्याचं, गच्चीवर पापड-कुरडया घालणाऱ्या माझ्या आईचा फोटो दाखवला तर ती म्हणाली किमजांगच हे.

ग्रंथवेडा

मी अमेरिकेत एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करतो, पूर्व आशिया विभागात. मृण्मयीने भाषेचं सांगितलं, मी लायब्ररीचं सांगतो कारण मुलं इथेच अडखळतात.

इथल्या आणि बऱ्याच परदेशी लायब्ररींच्या कॅटलॉगमध्ये कोरियन नावं रोमन लिपीत मॅक्यून-रायशावर पद्धतीने लिहिलेली असतात, ती 1930 च्या दशकातली. कोरियन सरकारने 2000 मध्ये नवी पद्धत आणली. जुन्या पद्धतीत पुसान, नव्या पद्धतीत बुसान. जुन्यात चोसॉन, नव्यात जोसॉन. आडनावं तर विचारू नका, ज्याला जग 'ली' म्हणून ओळखतं तो कॅटलॉगमध्ये 'यी' असतो, 'पार्क' हा 'पाक' असतो. मुलं नव्या पद्धतीने शोधतात, काही सापडत नाही, आणि पुस्तक नाही असं समजून परत जातात. पुस्तक दोन रॅक पलीकडे असतं! म्हणून दोन्ही पद्धती शिक, आणि शक्यतो कोरियन कीबोर्ड शिकून त्याच लिपीत शोध. कीबोर्ड आठवड्याभरात बसतो, डाव्या हाताला व्यंजनं, उजव्या हाताला स्वर.

लेख आणि प्रबंध शोधायला रिस ही सेवा आहे, कोरियन विद्यापीठांचे कितीतरी प्रबंध तिथून पूर्ण उतरवून घेता येतात, पैसे न देता. केसीआय म्हणून नियतकालिकांची सूची आहे तीही खुली. डीबीपिया वगैरे पैसे भरून, ते विद्यापीठातून बघायचं. इंग्रजीत सुरुवात करायची तर कोरिया जर्नल वाच, 1961 पासून निघतं. पाठ्यपुस्तक म्हणून आमच्याकडे हवाई विद्यापीठाने काढलेली मालिका वापरतात, व्याकरण नीट समजावलेलं असतं पण ती इंग्रजीवाल्यांसाठी आहे, मृण्मयी म्हणाली तसं डोक्यात मराठी ठेवून वाचावी.

जुना कोरिया डोळ्यांनी बघायचा असेल तर कोरियन फिल्म आर्काइव्हचं यूट्यूब चॅनल, जुने सिनेमे सबटायटल्ससकट फुकट. आजच्या मालिकांतली भाषा आणि त्या सिनेमांतली आदरार्थी भाषा यात केवढा फरक पडलाय ते कळतं.

बावधनची_वैशाली

वाचनखूण साठवली. माझी मुलगी आठवीत आहे, तिच्यासाठी.

रोखठोक

चांगली माहिती येतेय, मान्य. तरी भाषांतराच्या मशीनबद्दल मृण्मयी काय म्हणते ते वाचायला आवडेल, नीलकंठचं काम कारखान्यातलं आहे, पुस्तकाचं काय?

मृण्मयी_सोल

रोखठोक, यावर मी रात्र रात्र विचार केलाय त्यामुळे सविस्तर.

कोरियन क्रियापदाला लिंग नाही. 'गात्ता' म्हणजे गेला, गेली, गेलं, गेले सगळंच. आणि कर्ता बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. आता मराठीत हे आणायचं तर मला पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं की गेला की गेली. एक कथा मी करत होते, त्यात बोलणारी व्यक्ती बाई आहे की पुरुष हे लेखिकेने चार पानं कळू दिलेलं नाही. इंग्रजीत 'आय' म्हणून सुटतात. मराठीत 'मी निघालो' की 'मी निघाले'? मशीनने पहिल्या ओळीत पुरुष केला आणि पाचव्या ओळीत बाई. मी शेवटी क्रियापदं अशी फिरवली की लिंग दिसू नये, 'मला निघावं लागलं', 'माझ्या लक्षात आलं', तीन आठवडे गेले त्यात. ही अडचण फक्त मराठी आणि कोरियन दोन्ही आतून माहीत असलेल्या माणसाला दिसते. आणि उलट बाजूने, आदराच्या बाबतीत आपल्याला फायदा आहे. आजी आली, आजी आल्या. कोरियनमध्ये ज्याच्याबद्दल बोलतोय त्याचा आदर 'शी' लावून आणि ज्याच्याशी बोलतोय त्याचा आदर वाक्याच्या शेवटी, असे दोन वेगळे हिशोब चालतात. इंग्रजीत दोन्ही सपाट होतात, मराठीत निदान एक तरी वाचतो.

2024 चं साहित्याचं नोबेल कोरियन लेखिकेला मिळालं, त्यानंतर मला नाशिकहून तीन जणांनी विचारलं मराठीत थेट कोरियनवरून काय आहे. मी त्यांना वाचायला द्यावं असं माझ्या हाताशी फार काही नव्हतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोरियन साहित्याच्या भाषांतरासाठी इथे एलटीआय कोरिया नावाची सरकारी संस्था आहे, भाषांतराला आणि प्रकाशनाला अनुदान देते. माणसं तयार हवीत. म्हणून मी सांजपाखरूच्या मागे लागलेय.

रोखठोक

हे मला खरंच माहीत नव्हतं. गेला-गेलीचा मुद्दा डोक्यात बसला. माझा आक्षेप मागे नाही घेत, नोकरीची काळजी आहेच, पण मशीनचा मुद्दा मागे घेतो.

जुनी_दिल्लीकर

मृण्मयी, शिष्यवृत्तीचं राहिलं.

मृण्मयी_सोल

हो हो. ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप, जीकेएस. सरकारी आहे. विमानभाडं, फी, महिन्याचा खर्च, आणि डिग्रीच्या आधी एक वर्ष भाषा शिकवतात. एमएला अर्ज करायचा तर वय 40 च्या आत, आणि गुण 80 टक्के किंवा त्याच्या बरोबरीचे. एक रस्ता दूतावासातून, एक थेट विद्यापीठातून. पदव्युत्तरची जाहिरात साधारण फेब्रुवारीत येते. भाषेच्या वर्षानंतर टोपिकची तिसरी पातळी लागते, आणि आधीच पाचवी असेल तर ते भाषेचं वर्ष माफ.

टोपिक म्हणजे भाषेची परीक्षा, 1997 पासून आहे. टोपिक 1 मध्ये ऐकणं-वाचणं, 200 गुण, 80 ला पहिली पातळी, 140 ला दुसरी. टोपिक 2 मध्ये लेखनही, 300 गुण, 120 ला तिसरी, 150 ला चौथी, 190 ला पाचवी, 230 ला सहावी. निकाल दोन वर्षं चालतो म्हणून फार आधी देऊन ठेवू नकोस. आणि लेखनाचा शेवटचा प्रश्न म्हणजे निबंध, तो टाळून पास होता येतं असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस, पुढे प्रबंध तुलाच लिहायचाय.

ग्रंथवेडा

सगळ्यांनी तिच्या तिसऱ्या प्रश्नाला बगल दिलीय. इतिहासवाली मुलगी तिकडे जाऊन काय वाचणार? मला वाटतं तोच या धाग्याचा गाभा आहे.

सांजपाखरू, जोसॉन राजघराण्याच्या कारभाराच्या नोंदी आहेत, सिल्लोक म्हणतात त्यांना. 1392 ते 1863, 25 राजे, 1893 खंड. दरबारात इतिहासकार बसायचे आणि जे घडेल ते लिहायचे, आणि त्यांच्या कच्च्या नोंदी राजाला बघायची परवानगी नव्हती. राजाच्या मृत्यूनंतर त्याचा इतिहास संपादित व्हायचा. प्रती चार ठिकाणी ठेवलेल्या. 1592 ला जपानी सैन्य घुसलं त्यात तीन ठिकाणच्या नष्ट झाल्या, जॉन्जूची तेवढी वाचली, आणि त्या एका प्रतीवरून परत छापल्या. मूळ लिखाण अभिजात चिनीत आहे, पण संपूर्ण कोरियन भाषांतर झालंय आणि ते मुळासकट इंटरनेटवर खुलं आहे, तू साताऱ्यात बसून वाचू शकतेस. आपल्याकडे पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत, मोडी वाचणारी माणसं मोजकी. त्यांनी आपलं दप्तर कसं लोकांपुढे ठेवलं हे बघायला तरी इतिहासवाल्या मराठी मुलीने तिकडे जावं.

सोल नॅशनल विद्यापीठात क्यूजांगगाक आहे, 1776 ला राजा जॉंगजोने काढलेलं राजग्रंथालय, आता संशोधन संस्था. सोंगनामला ॲकॅडमी ऑफ कोरियन स्टडीज, 1978 ची, तिच्याकडे जांगसॉगाक म्हणजे राजघराण्याचा ग्रंथसंग्रह आणि स्वतःची पदव्युत्तर शाळाही आहे. मला विचारशील तर तुझ्यासारखीने डोळा तिच्यावर ठेवावा.

मृण्मयी_सोल

+1000. ॲकॅडमीत परदेशी मुलं भरपूर असतात, टेकडीच्या पायथ्याशी कॅम्पस, शांत. पण हान्जा, म्हणजे चिनी अक्षरं, टाळता येणार नाहीत तिथे. कोरियनमधले निम्म्याहून जास्त शब्द चिनीवरून आलेत, जसे आपले तत्सम. 'हाक' म्हणजे विद्या कळलं की हाक्क्यो शाळा, हाकसेंग विद्यार्थी, हागवॉन क्लास, सगळं आपोआप उलगडतं. शाळांसाठी 1800 अक्षरांची यादी ठरलेली आहे. रोज पाच कर.

ग्रंथवेडा, घोड्याची गोष्ट सांगा ना तिला.

ग्रंथवेडा

ती सांगायची नाही, तिने शोधायची. सांजपाखरू, राजा थेजोंग, त्याच्या राज्याचं चौथं वर्ष, दुसरा महिना, आठवा दिवस. जा.

कोल्हापुरी_झणका

आरारा, गृहपाठ मिळाला पोरीला.

चहाबाज

दोन दिवस झाले, सांजपाखरू कुठे गेली?

सांजपाखरू

आले आले. घरी पाहुणे होते आणि रेंज नव्हती.

सापडलं!!! पहिल्यांदा चुकीचा राजा उघडला होता, थेजो आणि थेजोंग वेगळे आहेत हे कळायला एक संध्याकाळ गेली. मग कीबोर्ड बसवून घेतला, कोश उघडून शब्द शब्द लावत बसले, चार ओळींना तीन तास. राजा स्वतः धनुष्यबाण घेऊन घोड्यावरून हरणामागे गेला, घोडा कोसळला, राजा पडला पण लागलं नाही. उठून इकडे तिकडे बघून म्हणाला, 'साग्वानी आल्गे हाजी माल्ला', दरबारच्या इतिहासकाराला कळू देऊ नका. आणि इतिहासकाराने तेही लिहून ठेवलंय!! 1404 सालचं!! मी एकटीच ओरडले, आई धावत आली.

त्यात एक गोष्ट मला फार आवडली. 'माल' हा शब्द आधी घोडा म्हणून येतो. पुढे 'म्हणाला' मध्ये तोच 'माल', म्हणजे बोलणं. आणि शेवटच्या 'माल्ला' मध्ये पण माल, तिथे अर्थ 'नको'. आधी मी तिन्हीकडे घोडा लावत होते आणि काही जुळत नव्हतं. मग मृण्मयीताईचं आठवलं, म्हणून 'कळू देऊ नका' असं मराठीत म्हणून बघितलं आणि 'नका' शेवटी आला तिथेच बरोबर तो 'माल्ला' होता.

ठरवलंय ते सांगते. बीए पूर्ण करणार, तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प मराठेशाहीतल्या बखरी आणि या नोंदी यांच्यावर करू का असं मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या आधी दोन पानांचा आराखडा दे. सोबत सोगांगचे धडे आणि सेजोंगचा ऑनलाइन वर्ग. पुढच्या वर्षी टोपिक 2. मग जीकेएस आणि दिल्लीचं एमए दोन्हीकडे अर्ज. बाबा अजून गप्प आहेत पण त्यांनी काल विचारलं की त्या राजाचं पुढे काय झालं.

आता एक शेवटचं, हान्जासाठी वही कुठली घेऊ? चौकटीची गणिताची चालेल का?

अण्णा_मास्तर

मोठ्या चौकटीची घे, बालवाडीला अंक गिरवायला देतात ती. एका चौकटीत एक अक्षर, आणि शाईच्या पेनाने. माझ्याकडे तीन कोऱ्या आहेत, नातीने अर्ध्यात सोडल्या, पत्ता व्यनि कर, पाठवतो.

मृण्मयी_सोल

आणि आराखडा मॅडमना द्यायच्या आधी मला पाठव. रविवारी बघते.